तांब्याची जोडी आणि काचेचा धागा

एखाद्या शहराच्या दूरध्वनीचा इतिहास सहसा टेलिफोन एक्स्चेंजच्या उद्घाटनांवरून, ग्राहकसंख्येच्या आकड्यांवरून किंवा मंत्र्यांच्या घोषणांवरून सांगितला जातो. परंतु एक्स्चेंजच्या इमारतीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंतचा जो टप्पा असतो, त्याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो, आणि ग्राहकाच्या वाट्याला काय आले हे तर नेमके त्याच टप्प्यावर ठरलेले असते. या टप्प्याला व्यवसायाच्या भाषेत ‘लास्ट माइल’ म्हणतात. मराठीत त्याला ‘शेवटचा कोस’ म्हटले तर ते अंतराच्या दृष्टीनेही चुकीचे ठरणार नाही, कारण शहरी एक्स्चेंजपासून ग्राहकापर्यंतची तार बहुधा कोस-दीड कोसाच्या आतच संपत असे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, या शहराच्या बाबतीत या शेवटच्या कोसाची कहाणी विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ज्या तंतूतून आज जगभरचे इंटरनेट वाहते तो काचेचा तंतू याच शहराच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत १९९० च्या दशकापासून तयार होत आला, आणि तरीही शहरातील बहुसंख्य घरांना त्यानंतर सुमारे पाव शतक तांब्याच्या तारेवरच, किंवा तारेविनाच, भागवावे लागले.

जमिनीखालून काही वाहून नेण्याची कल्पना या शहराला नवी नव्हती. मलिक अंबरने १६१० साली खडकी येथे वसवलेल्या या नगराला सतराव्या शतकाच्या आरंभीच नहर-ए-अंबरी मिळाली, आणि डोंगरपायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत मार्गाने, वाटेत ठिकठिकाणी तपासणीची तोंडे ठेवून, केवळ उताराच्या बळावर गावात आणले गेले. त्यामानाने तारेचे आगमन उशिरा झाले. निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडपर्यंत आली, आणि रुळांच्या शेजारून तारायंत्राचे खांब उभे राहिले. संस्थानी काळात दूरध्वनी ही कचेऱ्यांची, अधिकाऱ्यांची आणि मोजक्या व्यापाऱ्यांची सोय होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर ती व्यवस्था केंद्राच्या डाक-तार खात्याकडे गेली, पण मराठवाड्याच्या वाट्याला आलेली यंत्रणा बराच काळ तुटपुंजीच राहिली.

तांब्याच्या जोडीचे स्वरूप येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सर्व घडामोडींचे मूळ तिच्यातच आहे. प्रत्येक ग्राहकासाठी एक्स्चेंजमधून दोन स्वतंत्र तारा निघत. प्रत्येकीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असे, आणि बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर सारखाच पडून टोकाशी एकमेकांतून वजा व्हावा यासाठी त्यांना परस्परांचा पीळ घातलेला असे. अशा शेकडो जोड्यांची जाड केबल एक्स्चेंजच्या मुख्य चौकटीतून (तिला कर्मचारी ‘एमडीएफ’ म्हणत) निघून जमिनीखालून रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीपर्यंत, म्हणजे ‘पिलर’पर्यंत, जाई, तेथून लहान केबली गल्लीतल्या खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या ‘डीपी’पर्यंत पोहोचत, आणि डीपीपासून घरापर्यंत काळी ‘ड्रॉप वायर’ लोंबत येई. केबलमध्ये पाणी शिरू नये म्हणून तारांच्या मधल्या पोकळीत मेणचट जेली भरलेली असे. तरीही जेथे दोन केबली जोडलेल्या असत तो ‘जॉइंट’ हा कायमचा दुबळा भाग राहिला, आणि पहिल्या पावसात फोन ‘डेड’ होणे हे ग्राहकांच्या अंगवळणी पडले. या व्यवस्थेचा एक गुण मात्र नंतरच्या कोणत्याही व्यवस्थेत आला नाही. फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्याच दोन तारांवरून येत असल्यामुळे घरातली वीज गेली तरी फोन चालू राही, आणि भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या कुटुंबांना त्याचे मोल चांगलेच ठाऊक होते.

चिकलठाणा आणि नंतर वाळूज येथील औद्योगिक वसाहती, १९८५ मध्ये वाळूजला सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना, सिडकोने वसवलेले नवे शहर आणि मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ यांमुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांत शहर झपाट्याने वाढले, तेव्हा दूरध्वनीची मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणे, अधिक अनामत भरून ‘ओवायटी’ म्हणजे ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेतून क्रमांक पुढे सरकवणे, किंवा खासदारांच्या कोट्यातून जोडणी मिळवणे, हे त्या काळी देशभर रूढ झालेले मार्ग होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने भारतीय हवामानाला टिकतील अशी, वातानुकूलनाची गरज नसलेली छोटी डिजिटल एक्स्चेंज तयार केली. त्यांनी आणि पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओंनी ट्रंक कॉल बुक करून ताटकळण्याचा काळ संपवला. शहराला ०२४० हा संकेतांक मिळाला आणि तो दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर छापला जाऊ लागला. शेवटचा कोस मात्र तांब्याचाच राहिला.

काचेचा इतिहास याच्या समांतर चालला होता. नरिंदरसिंग कपानी या पंजाबी शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखवले. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे मांडले की काच पुरेशी शुद्ध केली, म्हणजे एक किलोमीटरच्या प्रवासानंतर निदान एक टक्का प्रकाश शिल्लक राहिला, तर तिच्यातून दूरध्वनी वाहू शकेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा ओलांडली. आजच्या तंतूत एक किलोमीटरनंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश उरतो. तंतूचा गाभा केसाहूनही कितीतरी बारीक, सुमारे नऊ मायक्रॉनचा असतो, त्याच्याभोवती किंचित वेगळ्या गुणधर्माच्या काचेचे वेष्टन असते, आणि त्या दोहोंच्या सीमेवर प्रकाश बाहेर न पडता आतच वळवला जातो. भारतात ही विद्या फार उशिरा आली असे नाही. सार्वजनिक दूरध्वनी जाळ्यातील देशातली पहिली प्रकाशतंतू वाहिनी १९७९ मध्ये पुण्यात, दोन एक्स्चेंजच्या दरम्यान, सुरू झाली होती, म्हणजे औरंगाबादेतल्या अनेक घरांत साधा फोनही पोहोचला नव्हता तेव्हा.

नव्वदच्या दशकात स्टरलाइट समूहाने वाळूज येथे प्रकाशतंतूंचे उत्पादन सुरू केले. तांब्याच्या जेली भरलेल्या टेलिफोन केबली हे याच समूहाचे सुरुवातीचे एक उत्पादन होते, त्यामुळे जुना आणि नवा, असे दोन्ही माल एकाच घराण्यातून बाहेर पडले. २००० मध्ये दूरसंचाराचा व्यवसाय वेगळा काढून स्टरलाइट ऑप्टिकल टेक्नॉलॉजीज ही कंपनी झाली, आणि पुढे शेंद्रा येथे काचेच्या कांड्या घडवण्याचा कारखानाही उभा राहिला. या कांडीला ‘प्रीफॉर्म’ म्हणतात. अतिशुद्ध सिलिकाची ही जाड कांडी उंच मनोऱ्याच्या माथ्यावर सुमारे दोन हजार अंश सेल्सियसला तापवली जाते, तिच्या टोकाशी सुटणारा रसाळ थेंब खाली ओढत जातो, आणि त्याच्यामागून १२५ मायक्रॉन जाडीचा अखंड तंतू निघून, त्यावर संरक्षक लेप चढून तो फिरकीवर गुंडाळला जातो; एका कांडीतून शेकडो, मोठ्या कांडीतून हजारो किलोमीटर लांबीचा तंतू मिळतो. हिमरू आणि किमखाबासाठी प्रसिद्ध असलेल्या, आणि ज्याच्या शेजारच्या पैठणात जरीच्या तारेवाचून पैठणी पुरी होत नव्हती, अशा या प्रदेशात बारीक धागा ओढण्याचे सर्वांत कठीण आधुनिक काम येऊन स्थिरावावे, हा केवळ योगायोग असला तरी नोंदवून ठेवावा असा आहे.

मग हा धागा शेजारच्या वसाहतीत का गेला नाही? याचे उत्तर तंत्रात कमी आणि हिशेबात अधिक सापडते. काचेचा तंतू स्वतः महाग नव्हता. महाग होती ती खोदाई, आणि तंतूच्या दोन्ही टोकांना प्रकाशाचे विजेत व विजेचे प्रकाशात रूपांतर करणारी उपकरणे. दोन शहरांमध्ये किंवा दोन एक्स्चेंजमध्ये हा खर्च हजारो ग्राहकांवर विभागला जाई, म्हणून तंतू प्रथम तेथे गेला. एका घरापुरता तो परवडत नसे. शिवाय तांब्याची जोडी आधीच पुरलेली होती, आणि पुरलेल्या वस्तूचा उपयोग शेवटच्या थेंबापर्यंत करून घ्यावा असे प्रत्येक दूरसंचार खात्याला वाटणे स्वाभाविक होते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, परंतु ते आरंभी मोजक्या महानगरांपुरते होते. मराठवाड्यात ते खऱ्या अर्थाने पसरले ते ऑक्टोबर २००० मध्ये दूरसंचार खात्यातून भारत संचार निगम म्हणजे बीएसएनएल अस्तित्वात आल्यानंतर, ‘संचारनेट’च्या रूपाने. १७२२३३ हा क्रमांक मोडेमने फिरवायचा, दोन्हीकडची यंत्रे कर्कश स्वरात एकमेकांची ओळख पटवून घेत तोवर थांबायचे, आणि मग सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी, अशा वेगाने पान उघडण्याची वाट पाहायची, असा तो प्रकार होता. तोवर घरचा फोन अडकून राही. महाविद्यालयांचे निकाल आणि नोकरीच्या जाहिराती पाहण्यासाठी तासाच्या दराने चालणारे सायबर कॅफे त्याच काळात गल्लोगल्ली निघाले.

केंद्राच्या २००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट किंवा अधिक वेगाच्या, सतत चालू राहणाऱ्या जोडणीला ‘ब्रॉडबँड’ ठरवले, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ ही सेवा आणली. तिचा आधार ‘एडीएसएल’ हे तंत्र होते. माणसाचा आवाज तारेवरील चार किलोहर्ट्झच्या आतच मावतो, त्यावरची सारी पट्टी रिकामी असते, आणि त्या रिकाम्या पट्टीत संगणकाची माहिती पाठवता येते, ही त्यामागची कल्पना; त्यामुळे फोन आणि इंटरनेट एकाच जोडीवर एकाच वेळी चालू लागले. परंतु वारंवारिता जितकी उंच, तितकी ती तांब्यात लवकर विरते. एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला सुधारित एडीएसएलवर सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत वेग शक्य होता. चार-पाच किलोमीटरवरच्या वसाहतीत तोच एक-दोन मेगाबिटवर येई, आणि मधला एखादा जॉइंट ओलसर असेल तर जोडणीच टिकत नसे. सिडकोपलीकडे, बीड बायपासच्या आणि पडेगावच्या दिशेने जसजसे शहर पसरत गेले, तसतसे अधिकाधिक ग्राहक तांब्याच्या या मर्यादेच्या काठावर जाऊन बसले.

येथे एक निर्णय घ्यायचा राहून गेला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ मध्ये अशी शिफारस केली होती की सरकारी कंपनीच्या तांब्याच्या जोड्या ठरावीक भाडे घेऊन इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात, जेणेकरून त्याच तारेवर स्पर्धा निर्माण होईल; या व्यवस्थेला ‘अनबंडलिंग’ म्हणतात, आणि युरोपातील अनेक देशांत ती रूढ झाली होती. धोरणाने ती स्वीकारली नाही. निगमाच्या कर्मचाऱ्यांचा आक्षेप समजण्यासारखा होता, कारण लोकांच्या पैशाने पुरलेली तार खासगी कंपन्यांच्या हाती का द्यावी, हा प्रश्न गैर नव्हता. परंतु परिणाम असा झाला की तारेत पैसा घालण्याचे कारण कोणालाच उरले नाही. खासगी कंपन्यांनी मोबाइलचे मनोरे उभारले, आणि निगमाकडे तांबे राखण्याइतकी मिळकत हळूहळू राहिली नाही. देशातील तारेवरचे फोन २००५-०६ च्या सुमारास पाच कोटींच्या घरात होते, ते २०२० पर्यंत दोन कोटींच्या आसपास उतरले. शेवटचा कोस स्पर्धेला बंद ठेवून तो वाचला नाही, हे आता मान्य करावे लागते.

इतर देशांनी याच वर्षांत तांब्याला नवे आयुष्य देण्यासाठी मोठी शक्ती खर्च केली. ब्रिटनमध्ये काचेचा तंतू रस्त्यावरच्या पेटीपर्यंत आणून उरलेले काही शे मीटर ‘व्हीडीएसएल’ या वेगवान तंत्राने तांब्यावरूनच पार करण्याचा मार्ग स्वीकारला गेला, आणि त्याहून वेगवान ‘जी-फास्ट’चेही प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियाने तर घरापर्यंत काच नेण्याची योजना २०१३ नंतर आवरती घेऊन पेटीपर्यंत काच आणि पुढे जुने तांबे असा मिश्र मार्ग धरला, आणि २०२० मध्ये पुन्हा घरापर्यंत काच नेण्यासाठी अब्जावधी डॉलरची तरतूद जाहीर केली. चांगले तांबे हाताशी असणे हीच त्यांची अडचण झाली: प्रत्येक सुधारणा थोडी पुरेशी ठरत गेली, आणि अंतिम बदल पुढे ढकलला गेला. औरंगाबादेत तसे घडले नाही, कारण वापरण्याजोगे तांबे पुरेशा घरांत नव्हतेच. जेथे होते तेथे ते खिळखिळे झाले होते. म्हणून येथे मधली पायरी आलीच नाही. हे दूरदृष्टीचे यश नसून अभावातून मिळालेली मोकळीक होती, हा भेद इतिहासलेखनात पुसला जाऊ नये.

काच अखेर घरात शिरली ती केबलवाल्याच्या हाताने. नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणीच्या उपग्रह वाहिन्या गच्चीवरून गच्चीवर जाड तार टाकून घरोघरी पुरवणारे स्थानिक चालक प्रत्येक गल्लीत निर्माण झाले होते. कोणत्या खांबावरून कोणत्या घरात तार जाते, कोणाची गच्ची ओलांडायला कोणाची परवानगी लागते, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते. केबल दूरचित्रवाणीच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, ज्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती, ३८ शहरांच्या यादीत औरंगाबादचा समावेश झाला आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. त्यातूनच अनेक चालक इंटरनेटकडे वळले. दख्खनच्या काळ्या पाषाणात आणि मुरमात खोदाई करणे खर्चाचे, महापालिकेच्या परवानग्या मिळवणे वेळखाऊ. त्यामुळे तंतू जमिनीत न जाता खांबांवरून, झाडांवरून आणि गच्च्यांवरून टांगला गेला. प्रत्येक घराला एक्स्चेंजपासून स्वतंत्र तंतू लागत नाही हे या नव्या तंत्राचे मर्म होते. ‘जीपॉन’ या पद्धतीत एकाच तंतूतून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती निघते, वाटेत ‘स्प्लिटर’ नावाचा विजेशिवाय चालणारा काचेचा फाटा तिला ३२ किंवा ६४ घरांत विभागतो, आणि वीस किलोमीटरपर्यंत अंतराचा वेगावर परिणाम होत नाही. पडेगावचे घर आणि क्रांती चौकातले घर या पद्धतीत प्रथमच सारख्या पंक्तीत आले.

यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या मोबाइल सेवेने डेटा स्वस्त केला, ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबरची व्यावसायिक सुरुवात झाली, एअरटेलनेही आपली फायबर सेवा विस्तारली, आणि बीएसएनएलने ‘भारत फायबर’ या नावाने स्थानिक चालकांशी मिळकत वाटून घेत तीच वाट धरली. ३१ जानेवारी २०२० रोजी निगमातील सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. त्यांत तांब्याच्या जोड्या राखणारे असंख्य लाइनमन होते. दोन महिन्यांत टाळेबंदी आली, शाळा, कचेऱ्या आणि न्यायालयाच्या सुनावण्या पडद्यावर गेल्या, आणि नेमकी त्याच वेळी तांबे सांभाळायला माणसे उरली नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये तारेवरील ग्राहकसंख्येत जिओने सुमारे ७३ लाखांसह बीएसएनएलच्या ७१ लाखांना मागे टाकले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ब्रॉडबँडची किमान मर्यादा दोन मेगाबिटवर नेली; तांब्याच्या काठावरच्या कितीतरी जोडण्या त्या व्याख्येत आता मावल्याही नसत्या.

जिल्ह्याच्या खेड्यांत चित्र वेगळे राहिले. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि नंतर ‘भारतनेट’ झालेल्या योजनेचे उद्दिष्ट देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याचे होते, आणि महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ म्हणून हाती घेतले. परंतु ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पोहोचलेला तंतू वाड्या-वस्त्यांत आपोआप जात नाही. ज्या प्रश्नावर तांबे अडले, तो शेवटचा कोस कोणी आणि कोणाच्या खर्चाने सांभाळायचा, तोच प्रश्न सोयगाव आणि कन्नडच्या डोंगराळ भागात काचेपुढेही उभा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने या योजनेच्या सुधारित स्वरूपाला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची मंजुरी दिली, ती याच उणिवेची कबुली मानता येते.

शहरातही एक उणीव राहिली आहे, आणि ती उघड्या डोळ्यांना दिसते. तांब्याची केबल जमिनीखाली होती, तिचे नकाशे एका संस्थेपाशी होते. काचेच्या केबली अनेक मालकांच्या आहेत, त्या एकाच खांबावर वेटोळी घालून लोंबतात, आणि कोणती जिवंत, कोणती सोडून दिलेली, हे त्या टाकणाऱ्यालाच ठाऊक असते. शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत सर्व वाहिन्या आरंभापासून जमिनीखाली योजल्या गेल्या, म्हणजे हे येथे अशक्य नाही. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या, डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या मूळ अंदाजाने भूमिपूजन झालेल्या योजनेसाठी शहराचे रस्ते एकदा उकरले जातच आहेत. ज्या चरात पाण्याची नळी उतरते, त्याच्या कडेला सर्व कंपन्यांना भाड्याने देता येईल अशी एक रिकामी नळी महापालिकेने टाकावी, आणि तिची मालकी व तिचा नकाशा स्वतःकडे ठेवावा. निवृत्त लाइनमन अजून शहरातच आहेत, जुन्या केबली कोठून गेल्या आहेत हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि चर बुजवण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यावे.